मृगापूर्वी मोटारीचे जोड साफ करा

तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली, की त्यात ठेवलेले ताक कळकते, हे आपल्याकडील गृहिणींस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भांडे फुटलेले नसते आणि ताकही मुळात वाईट नसते. परंतु दोहोंच्या संगतीत जो हिरवा कळक उत्पन्न होतो, तोच सारा घात करतो. जुन्या मोटारीच्या बाबतीत नेमके असेच घडते. बॅटरी चांगली असते, तारा शाबूत असतात, स्टार्टरही निर्दोष असतो. पण जेथे तार बॅटरीस, सांगाड्यास अथवा दिव्यास मिळते, तेथे धातूवर पांढरा, हिरवा किंवा तांबूस थर चढतो आणि गाडी ऐन वेळी जागची हलत नाही. दोष मात्र बॅटरीच्या माथी मारला जातो. नवी बॅटरी येते, चार दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुणे शहर आणि भोवतालचा हवेली, मुळशी, मावळ हा टापू यांत जुन्या गाड्यांचा वापर अद्याप पुष्कळ आहे. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला, तेव्हा विकास गटाची जीप हे खेड्यातील रस्त्यावरचे परिचित दृश्य झाले. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट व पद्मिनी आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर या गाड्या सधन शेतकऱ्यांच्या अंगणात आल्या. पद्मिनीचे उत्पादन चालू शतकाच्या आरंभीच थांबले व अँबॅसडरचे २०१४ साली थांबले. तथापि नीट जपलेल्या गाड्या अजून कामावर आहेत. त्यांच्या जोडीला जुने ट्रॅक्टर व टेम्पो आहेतच.

अशा गाडीवर किती गोष्टी अवलंबून असतात याचा विचार करावा. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजी पोहोचवावयाची आहे. एक तास उशीर झाला तर भाव हातचा जातो. भर पावसाच्या रात्री बांधावर कोणास सर्पदंश झाला आहे. त्याला तातडीने ससून रुग्णालयात न्यावयाचे आहे. अशा वेळी किल्ली फिरवावी आणि ‘टक्‌’ एवढाच आवाज यावा, यासारखी आपत्ती नाही. म्हणूनच अर्ध्या दिवसाच्या ज्या कामाने ही आपत्ती बहुतेक वेळा टळते, त्याची माहिती प्रत्येक गाडीवाल्या शेतकऱ्यास व ग्रामकार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

जोड का बिघडतो?

विजेचा प्रवाह धातूच्या दोन पृष्ठभागांतून जातो, तो ते पृष्ठभाग एकमेकांस खरोखर टेकलेले असतील तेथूनच. वरवर पाहता गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवरही बारीक उंचवटे असतात व त्यांची टोकेच तेवढी परस्परांस भिडतात. या टोकांमध्ये गंजाचा अथवा क्षाराचा पापुद्रा शिरला, की प्रवाहाची वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की जोड तापतो, तापलेला धातू हवेशी अधिक वेगाने संयोग पावतो आणि थर आणखी जाड होतो. असे हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले म्हणजे आपोआप थांबत नाही.

बॅटरीवर हा प्रकार लवकर होतो, कारण तिच्यात गंधकाम्लाचे पाणी असते. बॅटरी भारित होत असताना त्याचे सूक्ष्म तुषार झाकणांतून बाहेर पडतात, शिवाय शिशाच्या खांबाच्या कडेने आम्ल हळूहळू वर झिरपते. त्या आम्लाने शिशावर पांढरा थर बसतो आणि तांब्यापितळेवर मोरचुदासारखा निळसर हिरवा थर उगवतो. फवारणीसाठी मोरचूद हाताळणाऱ्या शेतकऱ्यास हा रंग ओळखण्यास अडचण पडणार नाही. वस्तुतः तो बहुतांशी तोच पदार्थ होय.

यात हवेतील दमटपणाची भर पडते. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस होतो; पण शहरापासून फार लांब नसलेल्या लोणावळ्यास तो ४,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. मुळशी-मावळाच्या पश्चिम भागात तर पावसाळ्याचे चार महिने लोखंड कोरडे राहणे कठीण. शिवाय दोन भिन्न धातू एकत्र आले आणि मध्ये ओलावा असला, की त्यांच्यात बारीकशी विद्युत्‌घटाची क्रिया सुरू होऊन एक धातू झिजू लागतो. पत्र्यावर कसलेला पितळी जोड पावसाळ्यात झपाट्याने खराब होतो, त्याचे हेही एक कारण आहे.

खत, गोठा आणि पितळ

शेतकऱ्याच्या गाडीस आणखी एक शत्रू आहे, तो शहरातील गाडीस सहसा भेटत नाही. युरिया, अमोनियम सल्फेट इत्यादी खतांची पोती गाडीतून वाहिली जातात. त्यांची पूड फटींत साचते, हवेतील पाणी शोषून घेते आणि तारांच्या जोडांवर ओलसर लेप बसवते. गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल, तर जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया वायूही तिच्या वाट्यास येतो. तांबे व पितळ यांना अमोनिया विशेष घातक आहे.

या बाबतीत इतिहासातील एक दाखला बोधप्रद आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराच्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठविली असता त्यांना आपोआप तडे जात. बराच काळ त्याचे कारण कोणास उमगेना. पागेतील मूत्रातून निघणारा अमोनिया आणि नळकांड्याच्या घडणीत राहिलेला ताण या दोहोंचा तो परिणाम होता, हा उलगडा १९२१ साली झाला. मोटारीतील पितळी पकडी व घट्ट दाबून बसविलेली टोके यांवरही असाच ताण असतो. तेव्हा गाडी गोठ्यापासून दूर, वाऱ्याच्या जागी उभी करणे आणि खत वाहिल्यावर ती झाडून पुसून घेणे, ही निव्वळ टापटीप नसून गाडीचे संरक्षण आहे.

थर कागदाएवढा, नुकसान मोठे

इंजिन फिरविताना स्टार्टर १०० ते २०० अँपिअर इतका मोठा प्रवाह घेतो. समजा, तो १५० अँपिअर आहे आणि कळकलेल्या जोडाचा अवरोध अवघा एक शतांश ओहम आहे. एवढ्याशा अवरोधाने १.५ व्होल्ट दाब त्या एका जोडातच खर्ची पडतो. १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब स्टार्टर फिरत असताना मुळातच दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत उतरलेला असतो. त्यातून दीड व्होल्ट गेल्यावर स्टार्टरच्या वाट्यास जेमतेम ९ व्होल्ट येतात आणि थंडीच्या पहाटे इंजिन कण्हत राहते. हरवलेली शक्ती जाते कोठे? ती जोडात उष्णता होऊन बाहेर पडते. वरील उदाहरणात ती २२५ वॅट, म्हणजे ६० वॅटच्या जवळजवळ चार जुन्या दिव्यांइतकी भरते. बॅटरीची पकड हातास चटका देते ती यामुळेच.

दिव्यांचीही तीच गत होते. पुढील दिव्याच्या ४५ वॅटच्या तंतूस सुमारे ४ अँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या वाटेतील गंजक्या जोडाने एक-दशांश दाब खाल्ला, तर उजेड एक-दशांशाने नव्हे, तर सुमारे तीन-दशांशाने कमी होतो. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणारी बैलगाडी किंवा पायी चालणारा मनुष्य वेळेवर दिसणे अथवा न दिसणे, हा फरक कित्येकदा तेवढ्याशा उजेडाचाच असतो.

दोष नेमका कोठे आहे?

नवी बॅटरी आणण्यापूर्वी पुढील साधी परीक्षा करावी. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची व हँडब्रेक ओढलेला असल्याची खात्री करावी. पुढील दिवे लावावेत आणि एका माणसाने किल्ली फिरवून सेल्फ मारावा. दुसऱ्याने दिव्यांकडे पाहावे.

दिवे हळूहळू मंद होऊन सेल्फ रेंगाळला, तर बॅटरी उतरलेली असण्याचा संभव अधिक. दिवे एकदम विझले व किल्ली सोडताच पुन्हा लागले, तर बॅटरीच्या खांबावरील जोडाचा संशय घ्यावा. दिवे होते तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ मात्र फिरला नाही, तर स्टार्टरकडे जाणारी वाट, त्याचा स्विच किंवा खुद्द स्टार्टर यांत दोष शोधावा.

मल्टिमीटर जवळ असल्यास तर्क करावा लागत नाही. हे उपकरण आता विजेच्या सामानाच्या साध्या दुकानातही मिळते. गाडी काही तास उभी असताना बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरला तर ती पूर्ण भारित आहे. १२ व्होल्टच्या जवळ भरला तर ती बरीच उतरली आहे असे समजावे. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर व दुसरे त्याच खांबावरील पकडीवर टेकवावे आणि सेल्फ मारावयास सांगावे. जोड स्वच्छ असेल तर काटा जवळजवळ शून्यावरच राहील. एक-दशांश व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर त्या जोडाची सफाई केल्यावाचून पुढे जाऊ नये. हीच परीक्षा बॅटरीचे अर्थचे टोक व इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्येही करावी. तेथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब दिसला, तर दोष निश्चितपणे अर्थच्या वाटेत आहे.

तयारी

सामान फारसे लागत नाही: योग्य मापाचे पाने, तारेचा ब्रश, बारीक दाण्याचा पॉलिशपेपर, जुना दात घासावयाचा ब्रश, खाण्याचा सोडा, स्वच्छ पाणी, कोरडी फडकी आणि थोडे व्हॅसलिन. हातात रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा.

तीन गोष्टींचा विसर कदापि पडू देऊ नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने स्फोट पावतो. म्हणून जवळपास विडी, काडी अथवा दिवा नसावा. दुसरे असे, की हातातील अंगठी, कडे व धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पाना व कडे यांतून बॅटरीची दोन टोके जोडली गेली, तर कडे क्षणार्धात लाल होते. तिसरे, आम्ल डोळ्यांत उडाल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळे धुवावेत व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

कामाची जागा गोठा, गव्हाण व विहीर यांपासून दूर असावी. खांबावरील पांढऱ्या भुकटीत शिसे असते आणि शिसे हे जनावरांस व मुलांस विष आहे. टाकून दिलेल्या बॅटऱ्या चाटून गुरे दगावल्याचे प्रकार अनेक देशांत नोंदले गेले आहेत. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि निकामी बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्यास परत द्यावी.

बॅटरीच्या जोडांची सफाई

१. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. ज्या खांबाची तार सरळ सांगाड्यास गेली आहे तो अर्थचा खांब होय. बहुतेक गाड्यांत तो ऋण, म्हणजे वजा खुणेचा असतो; परंतु पूर्वीच्या काही ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. तेव्हा रंगावर विसंबू नये, तार कोठे जाते ते पाहावे. कोणती तार कोणत्या खांबावर होती, याची खडूने खूण करून ठेवावी.

२. प्रथम अर्थची तार सोडवावी, नंतर दुसरी. हा क्रम उलटा केला आणि पाना चुकून सांगाड्यास टेकला, तर मोठी ठिणगी पडते.

३. पकड अडकून बसली असेल, तर हातोडीने ठोकू नये. ठोक्याने शिशाचा खांब आतून निखळतो. नट पूर्ण सैल करून पकडीवर कोमट पाणी ओतावे व ती हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवीत वर काढावी.

४. बॅटरीच्या कप्प्यांची झाकणे घट्ट लावावीत. पेलाभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी खांबांवर व पकडींवर थोडे थोडे सोडावे. आम्ल असेल तेथे फेस उठेल. फेस थांबेपर्यंत पाणी घालावे व जुन्या ब्रशाने घासावे. सोड्याचे पाणी कप्प्यांत जाता कामा नये, कारण ते आतील आम्ल मारून बॅटरीच दुबळी करते.

५. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन बॅटरीचा माथा पूर्ण कोरडा करावा. ओल्या व मळकट माथ्यावरून दोन खांबांमध्ये थोडा थोडा प्रवाह सतत पाझरत असतो व उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

६. खांबाचा बाहेरील भाग आणि पकडीचा आतील भाग पॉलिशपेपरने चकचकीत करावा. शिसे मऊ असते, म्हणून आवश्यक तेवढेच घासावे. पकडीच्या आतल्या बाजूसाठी पॉलिशपेपरची सुरळी वापरावी.

७. तारेचे टोकही तपासावे. आवरणाखालील तांबे काळे अथवा हिरवे पडले असेल, तर वरची पकड घासून उपयोग नाही. लखलखीत तांबे दिसेपर्यंत तार कापून नवे टोक बसवावे. ते कथलाने झाळावयाचे असल्यास राळ वापरावी. तेजाबाचा लेप वापरल्यास तोच पुढे तार खातो.

८. पकडी पुन्हा बसविताना अर्थची तार सर्वांत शेवटी जोडावी. हाताने फिरविली असता पकड हलू नये इतकी घट्ट असावी. त्यानंतरच वरून व्हॅसलिनचा पातळ लेप द्यावा. भांड्यास जशी कल्हई, तसा जोडास हा लेप.

अर्थची पट्टी: विसरलेली वाट

बॅटरीतून निघालेला प्रवाह तारेने दिव्यापर्यंत अथवा स्टार्टरपर्यंत जातो. परंतु परत येतो तो गाडीच्या सांगाड्यातून. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असते, म्हणून ते व सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. ही पट्टी खाली, चिखलाच्या जागी असते. तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. तिचे टोक गंजले, तर स्टार्टरचा प्रवाह जी मिळेल ती वाट धरतो. कधी चोकची, कधी ॲक्सिलरेटरची पोलादी तार त्या प्रवाहाने तापते व तिचे आवरण जळते. सेल्फ मारताना या तारा गरम होत असतील, तर कारण शोधण्यास इतरत्र जावयास नको.

ही पट्टी दोन्ही टोकांशी सोडवावी. पट्टीचे टोक, बोल्टचे डोके, वायसर आणि सांगाड्याचा तेवढाच भाग रंग व गंज खरवडून उघडा करावा. सांगाड्यास हौसेने नवा रंग दिल्यावर दिवे मंद झाल्याची तक्रार पुष्कळदा ऐकू येते. रंग वीज वाहू देत नाही, एवढेच त्याचे कारण असते. पट्टीचे धागे निम्मे तुटले असतील, तर पट्टीच बदलावी. पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत अशी पट्टी मिळू शकते. जुन्या बाजारातून वापरलेली आणल्यास तिचे धागे व टोके पारखून घ्यावीत.

दिवे, हॉर्न आणि फ्यूज

दिव्याच्या पितळी बैठकीत बल्ब बसतो, तेथे तळाशी स्प्रिंगवर एक ठिपक्याएवढे टोक असते. मागील व वळणाच्या दिव्यांत काचेखालील रबर जुने झाले, की पाणी शिरते व हे टोक हिरवे पडते. बॅटरीची अर्थची तार सोडवून बल्ब काढावा. बोटाएवढ्या काडीस पॉलिशपेपर गुंडाळून बैठकीची आतील बाजू व ते टोक हळुवार घासावे, धूळ फुंकून काढावी आणि रबर बदलावे. डावा वळणाचा दिवा लावताच मागचाही दिवा लुकलुकू लागला, तर त्या दिव्याची अर्थ खराब झाली आहे असे ओळखावे.

फ्यूजच्या पेटीत प्रत्येक फ्यूज दोन पितळी जिभल्यांत अडकविलेला असतो. फ्यूज शाबूत असूनही जिभल्या कळकल्यामुळे हॉर्न किंवा वायपर बंद पडतो. फ्यूज काढून जिभल्या साफ कराव्यात व सैल झाल्या असल्यास किंचित दाबून घ्याव्यात. फ्यूज वितळला असेल, तर त्याच मापाचा दुसरा घालावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची किंवा तार बांधण्याची जी रीत पडली आहे, ती गाडीस आग लावणारी आहे. फ्यूजचे कामच मुळी स्वतः वितळून गाडी वाचविण्याचे असते.

जेथे हात पोहोचत नाही अशा बारीक जोडांसाठी डब्यातून फवारावयाचे कॉन्टॅक्ट क्लीनर हल्ली मिळते. ते मारून पूर्ण वाळू द्यावे व मगच बॅटरी जोडावी. त्याऐवजी पेट्रोल वापरण्याचा मोह टाळावा.

सी.बी. पॉइंट

जुन्या पेट्रोल गाडीत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली जे उघडझाप करणारे दोन ठिपके असतात, त्यांस सी.बी. पॉइंट म्हणतात. इंजिन चालू असताना ते मिनिटास हजारो वेळा उघडतात व मिटतात. त्यांचे तोंड जळून काळे झाले अथवा एकावर उंचवटा व दुसऱ्यावर खळगा पडला, की गाडी सुरू होण्यास कुरकुर करते व चढावर मागे पडते. या ठिकाणी खरखरीत पॉलिशपेपर वापरू नये, कारण त्याचे कण तोंडात अडकतात. त्यासाठी असलेली पातळ, बारीक कानस दोन-चार वेळा फिरवावी, कोऱ्या कागदाचा तुकडा मधून ओढून भुकटी काढावी व गाडीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर फीलर गेजने ठेवावे. पुष्कळ जुन्या गाड्यांत ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, तर कंडेन्सर तपासून घ्यावा. झिजलेले पॉइंट घाशीत बसण्यापेक्षा बदललेले बरे.

पुराचे पाणी लागलेली गाडी

पुण्यास पूर नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून शहरात हाहाकार उडाला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास आलेल्या लोंढ्यात माणसे दगावली व अनेक वाहने वाहून गेली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकता नगरी भागात पाणी शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीचे नुकसान पाणी ओसरल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होते. गाळ व क्षार जोडांत राहतात आणि थोड्या दिवसांत तांबे हिरवे पडते.

अशी गाडी ‘चालू होते का पाहू’ म्हणून सेल्फ मारू नये. इंजिनात पाणी असल्यास आतील भाग वाकतात, तारांत पाणी असल्यास त्या जळतात. पहिले काम म्हणजे बॅटरी सोडविणे. मग प्रत्येक जोड उघडून गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, फडक्याने टिपावा व वाऱ्यावर पूर्ण वाळवावा. स्टार्टर व डायनॅमो जाणत्या कारागिराकडून उघडून घ्यावेत. सारे कोरडे झाल्यावरच पॉलिशपेपर व व्हॅसलिन यांचे काम येते. ओल्या जोडावर लेप दिला, तर ओलावा आत कोंडला जातो.

काही चुकीच्या समजुती

चिंच व मीठ लावून तांब्याची भांडी लखलखीत होतात, म्हणून काही जण तोच प्रयोग मोटारीच्या जोडांवर करतात. भांडे लगेच भरपूर पाण्याने धुतले जाते, जोडाच्या फटीतील आंबट व खारट अंश मात्र तेथेच राहतो. जोड दोन दिवस चमकतो आणि महिनाभरात पूर्वीपेक्षा अधिक हिरवा होतो. तसेच आधी व्हॅसलिनचा जाड थर लावून मग पकड कसणे योग्य नव्हे. धातू धातूस भिडला पाहिजे, लेप बाहेरून. बॅटरीत विहिरीचे पाणी घालणेही हानिकारक आहे. तेथे ऊर्ध्वपातित पाणीच हवे.

येथे एक सूचना आवश्यक आहे. वरील माहिती जुन्या, साध्या घडणीच्या गाड्यांसाठी आहे. अलीकडील गाड्यांत संगणकीय यंत्रणा असते. त्यांची बॅटरी सोडविण्यापूर्वी पुस्तिका वाचावी अथवा जाणत्यास विचारावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

सांगण्यापेक्षा दाखविणे केव्हाही प्रभावी. मे महिन्याच्या अखेरीस गावातील एखादी जुनी जीप वा ट्रॅक्टर चावडीसमोर उभा करून सफाईचे प्रात्यक्षिक ठेवावे. प्रथम सर्वांदेखत मल्टिमीटरने खांब व पकड यांमधील दाब मोजून फळ्यावर लिहावा. मग सफाई करावी आणि तोच दाब पुन्हा मोजून पहिल्या आकड्याशेजारी लिहावा. दोन आकड्यांतील फरक जे पटवून देईल, ते तासाभराच्या व्याख्यानाने साधणार नाही. गावातील तरुणांपैकी दोघा-तिघांस हे काम हाताखाली शिकवावे; गाव मोठे असेल, तर यातून एखाद्यास चार पैशांचा जोडधंदाही मिळेल.

प्रत्येक गाडीसाठी एक लहानशी वही ठेवावयास सांगावे. तीत सफाईची तारीख, बॅटरीचा दाब व बदललेला भाग यांची नोंद असावी. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्या वेळी गाडी तपासणीस न्यावी लागते व दिवे, हॉर्न ठीक असावे लागतात. वर्षानुवर्षे निगा राखलेल्या गाडीच्या मालकास तेव्हा धावपळ करावी लागत नाही.

सफाई वर्षातून दोनदा करावी: एकदा मृग निघण्यापूर्वी आणि एकदा पाऊस उलगडल्यावर, दिवाळीच्या सुमारास. मृगाच्या आधी आपण पाभर, औत व दोर तपासून ठेवतो. घराची कौले परततो. त्याच यादीत मोटारीचे जोड घालावेत. चिमूटभर सोडा, बोटभर व्हॅसलिन आणि अर्ध्या दिवसाची मेहनत एवढ्याने बॅटरीचा वृथा खर्च वाचेल. आणि पावसाळ्यातील एखाद्या काळोख्या रात्री, दारात कोणी विव्हळत असताना, किल्ली फिरविताच इंजिन सुरू होईल.